खलाशावरचा शेंदूर

भानुबेन पहिल्यांदा आली त्या दिवशी तक्रारीच्या खिडकीवर मी बसले होते. ते माझं काम नव्हे. खारासर नगरपालिकेत मी पाणी तपासते. टाक्यांतले नमुने आणायचे, क्लोरीन बघायचं, क्षार मोजायचे. पण खिडकीवरची मुलगी भावाच्या लग्नाला गेली होती आणि हेडक्लार्क दिलसुखभाई म्हणाले होते, "मीनळबेन, पाणी कुठे पळून जात नाही. दोन दिवस माणसं तपासा."

तिने मोबाइल काचेला टेकवून धरला. फोटोत बंदररस्त्यावरच्या चौकातला दगडी खलाशी होता. खांद्यावर दोर, अंग मागे झुकलेलं. कपाळापासून छातीपर्यंत तो लाल झाला होता.

"सरकारी पुतळ्याला कुणीतरी रंग फासलाय," ती म्हणाली. "तक्रार घ्या."

"कधी?"

"आज सकाळी दिसलं. आज अमावस्या."

मी फोटो मोठा करून पाहिला. तेलात कालवलेला शेंदूर होता, हाताने लावलेला. कपाळावरून हनुवटीकडे बोटं ओढल्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. घाईत फासलेला रंग असा दिसत नाही.

दिलसुखभाई माझ्या खांद्यावरून वाकले. "हा तर शेंदूर. कुणी पाळिया समजून लावला असेल. आपल्या लोकांना उभा दगड दिसला की हात शिवशिवतात. यात तक्रार कसली, पुण्याचं काम आहे."

"पाळिया मेलेल्या माणसाचा असतो," भानुबेन म्हणाली. "हा पुतळा आहे. खाली नगरपालिकेची पाटी आहे. पुतळ्याला शेंदूर लावणं गुन्हा आहे की नाही, तेवढं सांगा."

"गुन्हा म्हटलं तर आहे. सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण."

"मग तेच लिहा."

तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, पावती घडी करून ब्लाउजात ठेवली आणि गेली. दिलसुखभाई हसायला लागले. "इतकी वर्षं पुतळा उभा आहे. कावळे बसतात, लोक बकऱ्या बांधतात, निवडणुकीत पोटावर पोस्टर चिकटवतात. कधी कुणी फिरकलं नाही. खारासरमध्ये कलेची भोक्ती निघाली ती एक खारवण." मग त्यांनी मी टाइप केलेलं नाव वाचलं आणि त्यांचं हसू थांबलं. "भानु वेलजी. अरे, ही वेलजी तांडेलची बायको."

मला तेव्हा लक्षात आलं. चौकातला तो खलाशी म्हणजे वेलजीच होता.

पुतळा वजुभाई सोमपुरांनी घडवला होता. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या देवळं कोरली. नगरपालिकेने चौकासाठी काहीतरी मागितलं तेव्हा त्यांनी देव कोरायला नकार दिला आणि धक्क्यावर जाऊन बसून राहिले. बोटी येताना-जाताना बघत. वेलजी तेव्हा तरुण होता, नुकतं लग्न झालेलं. दोर ओढताना वजुभाईंनी त्याला पाहिलं आणि आपल्या शेडमध्ये बोलावून घेतलं. मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात रोज दुपारी तो तिथे दोर घेऊन उभा राहायचा. खारवावाडीतली, म्हणजे खलाशांच्या वस्तीतली पोरं दारात जमायची. "वेलजी, उभं राहायचा पगार किती?" "वेलजी, पोट आत घे, दगड कमी पडेल." पुतळा चौकात बसला तेव्हा तो लाजून महिनाभर बर्फाच्या कारखान्यामागून लांबच्या रस्त्याने धक्क्यावर जायचा. हे सगळं गावाला माहीत आहे. वजुभाई आता नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हंगाम सुरू होता होता वादळ आलं. बाकीच्या बोटी परतल्या, वेलजीची नाही. कच्छच्या किनाऱ्यावर एक फळी सापडली. तिच्यावरचा रंग त्याच्या बोटीसारखा होता, पण तसला निळा रंग निम्म्या बंदराचा आहे. आमच्याकडे माणूस नाहीसा झाला तर आधी पलीकडच्या तुरुंगाचं नाव निघतं. सीमा ओलांडली म्हणून तिकडच्या गस्तीबोटी पकडून नेतात, आणि वर्षानुवर्षांनी माणूस वाघा सीमेवरून चालत येतो, दाढी वाढलेला, निम्मा झालेला. असे आलेले लोक खारवावाडीत आहेत. त्यामुळे भानुबेनची आशा वेडेपणाची होती असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही.

वेलजीच्या बोटीवरच्या बाकीच्या खलाशांच्या घरच्यांनी मात्र वर्षभराने पाळिये बसवले. पाण्यात गेलेल्याची राख नसते. मग समुद्राच्या काठी त्याच्या नावाचा दगड उभा करतात, वर बोट कोरतात, शेंदूर लावतात. तो त्याचा मुक्काम. वेलजीचा दगड बसला नाही, कारण भानुबेन तयार झाली नाही.

तक्रार स्वच्छता विभागाकडे गेली. दोन दिवसांनी मी नमुने आणायला जात होते तेव्हा चौकात विभागाची माणसं दिसली. एकाच्या हातात तारेचा ब्रश होता, दुसऱ्याने संडास धुवायच्या ऍसिडची बाटली उघडली होती. मी स्कूटर आडवी घातली.

"भाई, हा दगड कशाचा आहे माहीत आहे?"

"दगडाचा," तो म्हणाला.

"शिंपल्यांच्या चुऱ्याचा आहे. ऍसिड पडलं की फसफसून विरघळेल. नाक राहणार नाही."

"आम्हाला साहेबांनी सांगितलंय, रंग गेला पाहिजे. नाकाचं काही सांगितलं नाही."

ऍसिड थांबलं, पण तोवर तारेचा ब्रश एका गालावरून फिरून झाला होता. मी चीफ ऑफिसर साहेबांकडे गेले आणि हे असं करता येत नाही म्हणून सांगितलं. साहेब तरुण आहेत, ऐकून घेतात. ऐकून घेऊन म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग तुम्हीच करा."

अशा रीतीने ते काम माझ्याकडे आलं. मी वाचलं, एका ओळखीच्या संग्रहालयात फोन केला. मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप द्यायचा, वर प्लास्टिक बांधायचं. सुकताना माती तेल शोषून घेते आणि तेलाबरोबर शेंदूरही सुटतो. मग लाकडी काडीने पापुद्रा काढायचा आणि ओल्या कापसाने टिपायचं. घासायचं नाही. वेळ लागतो.

मी काम करत असताना भानुबेन रस्त्यापलीकडे बर्फाच्या कारखान्यापाशी, ट्रकच्या सावलीत उभी असायची. हातात टोपली, बाजार उरकून आलेली. चेहरा मोकळा झाला की रस्ता ओलांडून यायची, समोर उभी राहून बघायची आणि काही न बोलता जायची. एकदा फक्त म्हणाली, "इतका तरुण नव्हता हं तो आता. केस पांढरे झाले होते इथे."

पुढच्या अमावस्येला पुन्हा शेंदूर. पुन्हा तिचा फोटो, पुन्हा तक्रार, पुन्हा माझी माती. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही. पावसाळा आला, गेला. दिलसुखभाई म्हणायचे, "बेन, तुमचा पेशंट आलाय लाल होऊन." तिसऱ्या-चौथ्या वेळेला भानुबेन कलेक्टरांच्या लोकदरबारात गेली. तिथे तिने सांगितलं, नगरपालिका रंग काढते, पण लावणाऱ्याला पकडत नाही. वरून कागद आला आणि साहेबांनी चौकातल्या खांबावर कॅमेरा बसवून घेतला.

भाद्रपदातल्या अमावस्येनंतर भानुबेनला कार्यालयात बोलावलं. साहेबांच्या खोलीत कॉम्प्युटरवर चित्र चालू केलं. मीही होते. उजाडत होतं. गडद साडीतली एक म्हातारी चौकात आली. तिने चपला काढल्या, हातातली वाटी पुतळ्याच्या पायाशी ठेवली, चौथऱ्याच्या पायरीवर हात टेकून ती वर चढली. मग दोन्ही हातांनी त्याच्या चेहऱ्याला शेंदूर लावायला लागली. आई मुलाला न्हाऊ घालताना तोंडावरून हात फिरवते, तसा. झाल्यावर पदराने आपले डोळे पुसले आणि चपला घालून गेली.

दिलसुखभाईंनी चित्र थांबवलं. त्यांनी ओळखलं होतं. खारवावाडीत बोंबील घेतलेला प्रत्येक माणूस पुरीबाला ओळखतो. वेलजीची आई.

"ओळखता का यांना?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही ओळख पटवली की नोटीस काढतो. दंड होईल."

भानुबेन पडद्याकडे बघत होती. "नाही."

"नीट बघा, भानुबेन," दिलसुखभाई हळू म्हणाले.

"पाहिलं. नाही ओळखत."

"मग तक्रार बंद करू?" साहेब म्हणाले.

"बंद कशाला? रंग आहे की अजून. तो काढायचा."

ती गेल्यावर साहेबांनी विचारलं, काय प्रकार आहे हा. दिलसुखभाईंनी सांगितलं. साहेब थोडा वेळ पेनाशी खेळत राहिले आणि म्हणाले, "मग याचं मी काय करू? घरात मिटवता येत नाही का त्यांना?"

त्या वेळची सफाई करताना मला काहीतरी वेगळं जाणवलं. लेप सोडवताना काडी कुठे अडत नव्हती. दगडाला धार राहिली नव्हती. मी धुतलेलं पाणी फेकून न देता बादलीत ठेवलं आणि प्रयोगशाळेत नेलं. रात्रभर ठेवल्यावर पाणी निवळलं. तळाशी लाल थर होता, त्याच्यावर बारीक पांढुरका. पांढरा थर ड्रॉपरने अलगद उचलून काचेच्या तबकडीत घेतला, आणि त्यावर पातळ ऍसिडचा एक थेंब सोडला.

लगेच बुडबुडे आले.

मी आणखी एक थेंब टाकला. तेच. मुलतानी माती अशी फसफसत नाही. मी खात्रीसाठी तीही तपासली. बादलीत दगड होता. दर खेपेला शेंदराबरोबर मी त्या चेहऱ्याचा थोडा भाग धुऊन काढत होते. कितीही हलक्या हाताने केलं तरी.

आणि आता थांबून उपयोग नव्हता. उघड्यावरच्या अशा दगडाला वर्षानुवर्षांत वरून एक कठीण साय धरते. तीच त्याला राखते. ती साय आधी तारेच्या ब्रशने आणि मग माझ्या मातीने गेली होती. आतला दगड भुसभुशीत; समुद्राचा खारा वारा त्यात शिरणार, मीठ आत सुकून फुगणार, दाणा दाणा सुटणार. नुसता सोडून दिला तरी थोड्याच वर्षांत तिथे दोर धरलेला एक गुळगुळीत दगड उरला असता.

मी साहेबांना म्हटलं, पुतळा आत हलवायला हवा. छपराखाली, वाऱ्याच्या आड.

"चौकातला पुतळा खोलीत ठेवू?" साहेब म्हणाले. "मग चौकात काय ठेवू?" नंतर मात्र त्यांनी वर विचारून पाहिलं. उत्तर आलं की अशी तरतूद नाही.

नवरात्र संपल्यावर मी खारवावाडीत त्यांच्या घरी गेले. गाळातली पांढरी पूड मी सुकवून एका छोट्या बाटलीत भरली होती. ती कशाला नेली ते मला नीट सांगता येणार नाही. तोंडाने सांगितलेलं खरं वाटणार नाही अशी भीती असावी.

पुरीबा उंबऱ्याच्या आत सुक्या बोंबलांचा ढीग घेऊन बसली होती. डोकी मोडून एका बाजूला टाकत होती. भानुबेनने मला खाट दिली आणि चहा ठेवायला गेली. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. बांगड्यांचा आवाज आतून येत होता.

"तुम्ही पाणीवाल्या बेन," पुरीबा म्हणाली. "आमच्या नळाला तीन दिवस पाणी नाही. ते तपासा आधी."

"सांगते मी."

"सगळे सांगतात." तिची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर गेली. "ते काय, दवा?"

"नाही, बा. पुतळ्याचा दगड आहे. धुताना निघालेला."

भानुबेन रकाब्या घेऊन आली होती. तिने त्या खाली ठेवल्या, बाटली माझ्या हातातून घेतली आणि दाराकडे करून उजेडात धरली.

"ही तर नुसती पूड आहे."

"हो."

"कुठली? कुठल्या भागाची?"

"सांगता येत नाही. गालाची असेल, कानाची असेल. सगळीकडचीच थोडी थोडी."

तिने बाटली परत दिली नाही. मुठीत धरून भिंतीला टेकून बसली.

"मग धुता कशाला?" पुरीबा म्हणाली.

"तक्रार येते म्हणून."

"कोण करतं तक्रार?"

भानुबेन म्हणाली, "मी करते, बा."

पुरीबाचा हात थांबला नाही. एका बोंबलाचं डोकं मोडलं, बाजूला टाकलं. "ठाऊक आहे मला. खारवावाडीत कुणी शिंकलं तरी माझ्या कानावर येतं. म्हटलं, बघू कधी सांगते."

"मलाही ठाऊक होतं तुम्ही लावता ते. मीही म्हटलं, बघू."

"कॅमेऱ्यात आले म्हणे मी."

"आलात."

"कशी दिसते?"

"पाठ वाकलीय. पायरी चढताना हात टेकावा लागला तुम्हाला."

"एवढं दिसतं त्यात?" पुरीबाने दुसरा बोंबील उचलला. "सासूची तक्रार नगरपालिकेत. घरात आदळायला भांडी नव्हती वाटतं."

"घरात बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, तो गेला," भानुबेन म्हणाली. "ते मला या घरात ऐकायचं नव्हतं. नगरपालिकेत कुणी तसं म्हणत नाही. तिथे फक्त विचारतात, रंग कधी लागला."

पुरीबाने हात झटकले आणि पहिल्यांदा सुनेकडे नीट पाहिलं.

"भानु, माझा पोरगा दोन वर्षं पाण्यात उभा आहे. त्याच्या बोटीवरच्या सगळ्यांना जागा मिळाली. सणावाराला त्यांना दिवा मिळतो, नैवेद्य मिळतो. हा कुठे जात असेल? मी खारवावाडीच्या पटेलांकडे दगड मागायला गेले होते, तुला न सांगता. ते म्हणाले, पुरीबा, बायकोच्या हातात बांगड्या आहेत तोवर पाळिया बसवता येत नाही. मग मी काय करू? त्याचा दगड चौकात तयार उभा होता. मी म्हटलं, वेलजी, इथे बस."

"एकदा बसला की उठून येणार कसा?"

चहावर साय आली होती. मी ती बोटाने बाजूला करून चहा संपवला, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

भानुबेननेच मग विचारलं, "शेंदूर लावलाच नाही, धुतलंही नाही, तर?"

"तरी झिजेल. वरची साय गेलीय. वारा खाईल."

"किती दिवस राहील?"

"चेहरा म्हणून ओळखू येईल असा, फार नाही. थोडी वर्षं."

"आणि शेंदूर लावून तसाच ठेवला तर?"

हा प्रश्न ती विचारील हे मला येतानाच माहीत होतं. मला खोटं सांगता आलं असतं. "तेलाचा थर बसला की खारा वारा आत जात नाही. जुन्या देवांवरची शेंदराची कवचं कधी कधी गळून पडतात, तेव्हा आतलं कोरीव काम कालचं असावं असं निघतं. शंभर टक्के खात्री देत नाही. पण बहुतेक टिकेल."

"म्हणजे झाकला तर राहील आणि उघडा ठेवला तर जाईल."

"हो."

"पण मग दिसणार नाही."

"नाही दिसणार."

ती उठली आणि आत गेली. बाटली तिच्या हातातच होती. पुरीबा मला म्हणाली, "पाण्याचं विसरू नका." मी चपला घालत असताना ती हळूच म्हणाली, आतल्या दाराकडे बघत, "बांगड्यांचं मी काही बोलत नाही. ते तिचं ती बघेल."

आश्विन संपत आला तेव्हा भानुबेन खिडकीवर आली. तिथे नेहमीची मुलगी बसली होती, मी दिलसुखभाईंच्या टेबलापाशी नळाच्या नमुन्यांच्या कागदांवर सही घेत होते.

"तक्रार मागे घ्यायची आहे," ती म्हणाली.

मुलीने कारण विचारलं. कॉम्प्युटर कारण लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. भानुबेनला ते पटकन सुचलं नाही. मागे दोघंतिघं उभे होते, एकाच्या हातात लाइट बिल होतं आणि तो घाई करत होता.

"लिहा," ती म्हणाली, "रंग घरचाच होता."

मुलीने आमच्याकडे पाहिलं. दिलसुखभाई म्हणाले, "लिही, बेटा. सांगतात तसं लिही." आणि सही केलेले कागद त्यांनी उगाचच पुन्हा तपासायला घेतले.

दिवाळीतल्या काळ्या चौदशीला आमच्याकडे पाळियांना शेंदूर लावतात. मी सकाळी धक्क्याच्या बाजूने गेले. नमुने घ्यायचे नव्हते, सुट्टीच होती. समुद्राकाठी दगडांच्या रांगेपाशी घरंच्या घरं आली होती, अगरबत्त्या, नारळ, पोरांच्या टिकल्यांच्या बंदुका. चौकात मात्र दोघीच होत्या. कॅमेरा खांबावर होता आणि चालू होता.

पुरीबा पायरीवर चढली होती. भानुबेन खाली उभी होती, तिने वाटी धरली होती. बांगड्या हातात होत्या. मी बर्फाच्या कारखान्यापाशी थांबले, ती जिथे थांबायची तिथेच. पुरीबाने कपाळापासून सुरुवात केली. मग कानशिलं, नाक, गाल. वाटीकडे न बघता ती हात खाली करायची आणि भानुबेन वाटी वर उचलायची. एक ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला.

पुरीबाची बोटं वर सरकली तेव्हा भानुबेन म्हणाली, "बा, डोळे राहू द्या."

पुरीबा थांबली.

"डोळ्यांवर नको," भानुबेन म्हणाली. "बाकी सगळं लावा."

"असं अर्धं कुणी ठेवत नाही."

"ठेवू आपण."

पुरीबाने लाल हात हवेत तसाच धरला होता. मग तिने करंगळीने डोळ्यांच्या कडेकडेने शेंदूर लावला, फार सावकाश, पापणीला लागू न देता. सगळा चेहरा लाल झाला आणि त्यात दगडाचे दोन पांढुरके डोळे उघडे राहिले, समुद्राकडे.

भानुबेनने मला पाहिलं होतं. तिने वाटी खाली ठेवली आणि रस्त्यापलीकडून विचारलं, "मीनळबेन, चालेल ना असं?"

वारा समुद्रावरून येत होता, सरळ त्याच्या तोंडावर. उघडा राहिलेला भाग सर्वांत आधी जातो. आजूबाजूला तेल असेल तर आत शिरलेलं मीठ तिथूनच वाट काढतं, आणि तेवढाच दगड जास्त लवकर झिजतो. मला हे माहीत होतं.

"चालेल," मी म्हणाले.